जेरेमी ब्रेट: नाटकानं घडवलेला होम्स

नाटकांत आणि आता मालिकांतही काम करू लागलेल्या एका तरुण नटानं विचारलं आहे: “जेरेमी ब्रेट यांचा शेरलॉक होम्स पाहिला. मोठे हातवारे, अचानक फुटणारं हसू, सोफ्यावरून उडी, जमिनीवर पालथं पडणं. आम्हाला सेटवर रोज ऐकवतात, ‘नाटकातलं नको, कमी कर.’ मग हा माणूस एवढं सगळं करूनही खोटा का वाटत नाही? होम्सच्या आधी त्यांनी काय केलं होतं? आणि या भूमिकेनं त्यांना वेड लावलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खरं का? पाहायला सुरुवात कुठून करू?”

मी बरीच वर्षं नटांच्या आवाजावर आणि उच्चारांवर काम करते आहे. ब्रेट यांचे भाग मी शिकवताना दाखवते, त्यामुळे या विषयावर माझी ठाम मतं आहेत. शेवटच्या गैरसमजाबद्दल मला थोडा रागही आहे. पण आधी माणूस समजून घेऊ, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आधीच्या तीस वर्षांत आहे.

खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म ३ नोव्हेंबर १९३३, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरमधलं बर्क्सवेल. वडील लष्करी अधिकारी, आई चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातली, शिक्षण ईटन या नामांकित शाळेत. म्हणजे घरचं सगळं व्यवस्थित होतं, पण शाळेत हा मुलगा रमला नाही. अक्षरं नीट लागत नसत. आज त्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो. गाण्यात मात्र तो चमकला, शाळेच्या गायनवृंदात होता. त्याला ‘र’ म्हणता येत नव्हता. किशोरवयात त्यावर शस्त्रक्रिया झाली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास संधिवाताचा ताप आला आणि त्यानं हृदयाला इजा केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘र’ची गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. शस्त्रक्रियेनं जीभ मोकळी होते, उच्चार आपोआप येत नाही. तो वर्षानुवर्षं घासून आणावा लागतो. ब्रेट हातात काम असो वा नसो, उच्चारांचे व्यायाम रोज करत. आयुष्यभर करत राहिले. होम्सच्या तोंडी प्रत्येक व्यंजन असं सुटं, धारदार का ऐकू येतं, याचं कारण इथं आहे. ज्याला आवाज जन्मतः मिळतो तो त्याकडे सहसा लक्ष देत नाही. ज्याला एकेक वर्ण कमवावा लागला, त्याला कुठला वर्ण तोंडात कुठे बसतो हे नेमकं ठाऊक असतं. आपल्याकडे ‘श’ आणि ‘ष’ किंवा ‘ण’ आणि ‘न’ यांच्यावर मेहनत घेतलेली मुलं बघा. त्यांची बाकीची वाणीही सुधारते, कारण कान जागा झालेला असतो.

अभिनयाचं शिक्षण लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये झालं. एल्सी फोगर्टी या बाईंनी १९०६ साली ही संस्था काढली ती मुळात वाणीच्या शिक्षणासाठी, हे इथं महत्त्वाचं. वडिलांना घराण्याचं नाव नाटकाच्या फलकावर नको होतं. म्हणून मुलानं आपल्या पहिल्या सुटावरच्या शिंप्याच्या लेबलावरून ‘ब्रेट’ हे आडनाव घेतलं. १९५४ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरात व्यावसायिक काम सुरू झालं, १९५६ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक या नाट्यगृहात. त्याच वर्षी ‘वॉर अँड पीस’ हा मोठा चित्रपट आला, त्यात ते ऑड्री हेपबर्नच्या भावाच्या, निकोलाय रोस्तोव्हच्या भूमिकेत होते. १९६१ मध्ये लंडनमध्ये हॅम्लेट केला. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त फ्रेडी झाले. इतका चांगला गळा असलेल्या माणसाचं गाणं त्या चित्रपटात दुसऱ्याच गायकाच्या आवाजात वाजतं. रूप देखणं, उंची भरपूर, आवाज उत्तम. अशा नटाला चित्रपटवाले सहसा शोभेचा प्रियकर करून ठेवतात. त्यांचंही काही वर्षं तेच झालं.

त्यातून त्यांना बाहेर काढलं नाटकानं. १९६७ ते १९७१ या काळात ते लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमध्ये होते. तिथं १९६७ मध्ये शेक्सपिअरचं ‘अ‍ॅज यू लाइक इट’ सगळ्या पुरुष नटांना घेऊन झालं. त्यात रोनाल्ड पिकप रोझालिंड होते आणि ब्रेट तिचा प्रियकर ऑर्लांडो. १९७० मध्ये जोनाथन मिलर यांच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ऑलिव्हिए शायलॉक आणि ब्रेट बॅसानिओ. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्याच वर्षीचं ‘हेडा गाब्लर’. दिग्दर्शक इंगमार बर्गमन, हेडा मॅगी स्मिथ, आणि ब्रेट तिचा नवरा टेसमन. टेसमन म्हणजे पुस्तकात डोकं घातलेला, बायकोच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नसलेला पंडित. देखण्या नायकाला ही भूमिका सहसा कोणी देत नाही. त्यांनी ती केली, आणि शरीर आखडून घ्यायला, स्वतःची मोहिनी खिशात ठेवायला शिकण्याची संधी घेतली. होम्सचा तो माणसांत असूनही माणसांपासून तुटलेला भाव मला तरी या वळणाच्या कामांतून आलेला दिसतो.

टीव्हीवरही ते सतत होते. १९६६ मध्ये ‘थ्री मस्केटियर्स’मधला दार्तान्या, १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘रिबेका’त मॅक्झिम डी विंटर. ऑस्कर वाइल्डच्या डोरियन ग्रेच्या कथेत तर त्यांनी १९६१ मध्ये स्वतः डोरियन केला आणि १९७६ मध्ये त्याच कथेतला चित्रकार बेसिल. १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिसला ‘द क्रूसिफर ऑफ ब्लड’ या नाटकात त्यांनी चक्क वॉटसन केला. होम्स होते चार्लटन हेस्टन. होम्सकडे बघणारा माणूस कसा उभा राहतो, किती ऐकतो, कुठे दुखावतो, हे त्यांनी आतून अनुभवलं होतं. पुढे त्यांच्या होम्सनं वॉटसनकडे टाकलेला प्रत्येक कटाक्ष पाहताना मला ते आठवतं.

आता होम्स. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजननं ठरवलं की कॉनन डॉयलच्या कथा जशा लिहिल्यात तशा करायच्या. निर्माते मायकल कॉक्स, संहितांची मांडणी जॉन हॉक्सवर्थ यांची. स्टुडिओच्या आवारात होम्स राहतो ती अख्खी बेकर स्ट्रीट उभारली. ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेटनं काढलेली चित्रं समोर ठेवून दृश्यं रचली. होम्स काय खातो, कुठल्या कथेत कोणता कोट घालतो, तंबाखू कुठे ठेवतो, अशा तपशिलांची एक जाडजूड फाइल सगळ्यांना दिली. हरणाच्या शिकाऱ्याची ती प्रसिद्ध टोपी गावाकडे जातानाच, लंडनमध्ये उंच काळी हॅट. पहिला भाग २४ एप्रिल १९८४ रोजी दाखवला गेला, शेवटचा ११ एप्रिल १९९४ रोजी. दहा वर्षांत ४१ भाग. त्यांतले ३६ तासाभराचे, ५ पूर्ण लांबीचे. डॉयलनं एकूण ६० कथा-कादंबऱ्या लिहिल्या, हे ध्यानात घेतलं तर काम केवढं होतं ते कळेल.

पहिला भाग आला तेव्हा ब्रेट पन्नास वर्षांचे होते. चित्रीकरणाला ते डॉयलच्या कथांची खुणा केलेली प्रत घेऊन यायचे आणि पटकथेत मूळ वाक्य बदललेलं दिसलं की भांडायचे. अक्षरांशी ज्याचं लहानपणी जमलं नाही, तो माणूस अक्षरन् अक्षर राखायला उभा राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: ते मोठं करतात ते संहितेच्या परवानगीनं. डॉयलचा होम्स स्वतःच नाटकी माणूस आहे. पहिल्याच भागाच्या मूळ कथेत वॉटसन म्हणतो की हा गुन्ह्यांच्या मागे लागला आणि रंगभूमी एका उत्तम नटाला मुकली. ‘नेव्हल ट्रीटी’त होम्स चोरीला गेलेला कागद सरळ हातात देत नाही, न्याहारीच्या झाकलेल्या भांड्यात ठेवून मालकासमोर मांडतो आणि नंतर कबूल करतो की नाट्याचा मोह आपल्याला आवरत नाही. तेव्हा असा होम्स कोणी ‘कमी’ करून केला, तर तो भूमिकेला कमी पडेल. सेटवर ‘कमी कर’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना म्हणायचं असतं, ‘कारण नसलेलं काढ.’ तुमच्या दिग्दर्शकाला ते नेमकं सांगता येत नसेल, पण तुम्ही ते तसं ऐकायला शिका.

कारणाबरोबरच लागते स्थिरता. ब्रेट यांचे हातवारे सगळ्यांच्या लक्षात राहतात, त्याआधीचं थांबणं कोणी बघत नाही. अशील बोलत असतो तेव्हा हा माणूस खुर्चीत मागे रेललेला, डोळे मिटलेले, बोटांची टोकं एकमेकांना टेकवलेली. चेहऱ्यावर काहीही नाही. अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त. मग एक तपशील असा येतो की डोळे उघडतात. फक्त डोळे. पुढच्या वाक्याला हात उठतो, आणि तोपर्यंत आपण त्या हाताची वाट बघत असतो. मोठी हालचाल खोटी वाटते ती आधीच्या चार हालचालींनी तिची जागा खाल्लेली असते म्हणून. त्यांच्या हसण्याचंही तेच. ते क्षणभरच टिकतं आणि झटकन मिटतं. चेहरा पुन्हा कोरा. ओठांवर रेंगाळू दिलं असतं तर प्रेक्षकाला आवडण्यासाठी केलेलं हसू झालं असतं.

आणि वाक्याचा शेवट! मराठीत क्रियापद शेवटी येतं, तरी आपले कितीतरी नट वाक्य संपता संपता आवाज टाकतात आणि प्रेक्षकाला अर्थ अंदाजानं घ्यावा लागतो. डॉयलची वाक्यं लांब, आणि निष्कर्षाचा डंख शेवटच्या दोन-तीन शब्दांत. ब्रेट सुरुवात भराभर घेतात, मधला तपशील जवळजवळ घाईनं मोजतात, आणि शेवटाला श्वास राखून ठेवतात. शेवटचा शब्द पडत नाही, उभा राहतो. हे ओल्ड व्हिकमध्ये शेक्सपिअरच्या ओळी शेवटच्या रांगेपर्यंत नेताना शिकलेलं आहे. कॅमेऱ्यासमोर त्यांनी आवाजाची पातळी उतरवली, पण श्वासाचं गणित तेच ठेवलं. तुम्हाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

एक जागा जवळून बघू. ‘नेव्हल ट्रीटी’त तपास सुरू असताना मधेच होम्स खिडकीपाशी जातो, एक गुलाब हाती घेतो आणि धर्म, निसर्ग, फुलांची गरज काय यावर बोलू लागतो. कथेत हा उतारा अचानक येतो. कापला असता तरी गुंता सुटला असता. ब्रेट तो असा करतात की गुन्ह्याचा विचार करणारं डोकं जरा वेळ थकून सौंदर्यापाशी टेकलंय असं वाटतं. आवाज खाली, वेग निम्मा, बोटं फुलाभोवती अगदी हलकी. समोरची माणसं बावरून बघतात आणि तो त्यांच्याकडे बघतही नाही. नंतर लगेच कामाला लागतो. या वळणात कुठेही जोड दिसत नाही. होम्सला यंत्र समजून करणाऱ्यांना ही जागा कधी सापडत नाही.

दुसरी जागा १९८८ च्या ‘डेव्हिल्स फूट’मधली. कॉर्नवॉलचा किनारा. कोकेन घेणाऱ्या नायकाचा मुलांवर काय परिणाम होतो याची ब्रेट यांना काळजी वाटत होती. त्यांनी डॉयलच्या कन्या डेम जीन यांची परवानगी घेतली, आणि या भागात होम्स आपली सिरिंज वाळूत पुरतो. मुळात नसलेली गोष्ट, तीही मूळ संहितेसाठी भांडणाऱ्या माणसानं घातलेली. पण रीतसर विचारून. त्याच भागात विषारी धुरानं भ्रम झालेला होम्स शुद्धीवर येताना ओरडतो, “जॉन!” डॉयलच्या कथांत होम्स वॉटसनला असं नावानं कधी हाक मारत नाही. एवढी वर्षं आडनावानं बांधून ठेवलेली मैत्री एका हाकेत उघडी पडते. मला विचाराल तर हा त्या मालिकेतला सर्वांत मोठा क्षण आहे, आणि त्यात हातवारा एकही नाही.

वॉटसनबद्दल इथंच सांगते. आधीच्या चित्रपटांनी त्याला वेंधळा करून ठेवला होता. इथं पहिल्या दोन पर्वांत डेव्हिड बर्क यांनी तो चपळ, हुशार, मिश्किल केला. ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले तेव्हा एडवर्ड हार्डविक आले. हे सर सेड्रिक हार्डविक यांचे चिरंजीव आणि ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमधलेच. त्यांचा वॉटसन प्रौढ, शांत, सहन करणारा. याच जोडीनं १९८८ मध्ये लंडनच्या विंडम्स थिएटरात जेरेमी पॉल यांचं ‘द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स’ हे दोनच पात्रांचं नाटक सुरू केलं आणि जवळपास वर्षभर चालवलं. टीव्हीवर इतकं नाव झाल्यावर रोज संध्याकाळी प्रयोगाला उभं राहणारा हा माणूस होता.

आता ‘वेड लागलं’ या गोष्टीबद्दल. हे मला मान्य नाही, आणि तरुण नटांनी तर हे अजिबात उचलू नये. ब्रेट यांची दुसरी पत्नी जोन विल्सन या अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी निर्मात्या. जुलै १९८५ मध्ये त्या कर्करोगानं गेल्या. १९८६ मध्ये ब्रेट यांचं मानसिक संतुलन पूर्ण ढासळलं, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं आणि मॅनिक डिप्रेशनचं, म्हणजे आज ज्याला बायपोलर म्हणतात त्या आजाराचं निदान झालं. त्यांना लिथियम हे औषध सुरू झालं. शरीरात पाणी साठू लागलं, वजन वाढलं. हृदय लहानपणच्या तापानं आधीच कमजोर होतं, सिगारेटी भरमसाट होत्या. होम्ससारख्या एकाकी माणसाबरोबर इतकी वर्षं राहणं जड जातं असं ते सांगत, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण आजार हा आजार असतो. तो कॉनन डॉयलनं लिहिला नव्हता. ‘भूमिकेनं नटाला गिळलं’ ही कहाणी ऐकायला छान वाटते, म्हणून ती पसरते. तिच्यापायी आजारी असताना त्यांनी केलेले कष्ट झाकले जातात, आणि एखाद्या मुलाला वाटू लागतं की मोठं काम करायचं तर स्वतःला मोडून घ्यावं लागतं. तुमच्या ओळखीत कुणाला असा त्रास होत असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या. तालीम थांबू शकते. ब्रेट यांनी स्वतः आपला आजार लपवला नाही. शेवटच्या वर्षी बीबीसी रेडिओवर त्यांनी या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करा असं आवाहन केलं.

नंतरचे भाग पाहताना शरीर बदललेलं दिसेल. चेहरा सुजलेला, श्वास तोकडा. मी त्यांच्याकडे दयेनं बघत नाही, कारीगर म्हणून बघते. जिथं उडी मारली असती तिथं आता ते बसून फक्त मान वळवतात, आणि त्या मान वळवण्यात उडीचा वेग ठेवतात. १९९४ च्या ‘डाइंग डिटेक्टिव्ह’मध्ये होम्स मरायला टेकल्याचं सोंग करतो. खरोखर आजारी असलेला नट, आजाराचं सोंग करणाऱ्या माणसाची भूमिका करतो आहे. त्यात सोंग हे सोंगच राहिलं पाहिजे, स्वतःचं दुखणं आत शिरता कामा नये. ती रेष त्यांनी सांभाळली. त्याच पर्वातल्या ‘मॅझरिन स्टोन’मध्ये मात्र त्यांना काम करणं जमलं नाही, आणि बहुतेक भार चार्ल्स ग्रे यांच्या मायक्रॉफ्टवर, म्हणजे होम्सच्या भावावर, टाकावा लागला.

शेवटच्या काळातल्या घसरणीचा सगळा दोष तब्येतीला देतात, तेही मला पटत नाही. १९९३ चे ‘लास्ट व्हँपायर’ आणि ‘एलिजिबल बॅचलर’ हे दोन लांब भाग बघा. तासाभराला जेमतेम पुरेल अशी कथा ताणलीय, स्वप्नं आणि भयकथेचा माल भरलाय. संहिता सैल झाली आणि ब्रेट यांच्या मोठेपणाला टेकायला जागा उरली नाही. तोच हात, तोच आवाज, तीच नजर, पण इथं ती मला जास्त वाटते. एकाच नटाची दोन प्रकारची कामं शेजारी ठेवून बघता येतात, म्हणून हे फसलेले भागही शिकायला उपयोगी आहेत.

१२ सप्टेंबर १९९५ रोजी लंडनमध्ये हृदय बंद पडून ते गेले. वय ६१. पहिली पत्नी अभिनेत्री अ‍ॅना मॅसी यांच्यापासून झालेला त्यांचा मुलगा डेव्हिड हगिन्स पुढे कादंबरीकार झाला.

पाहायला सुरुवात ‘स्कँडल इन बोहेमिया’पासून करा, मग ‘नेव्हल ट्रीटी’ आणि ‘रेड-हेडेड लीग’. पहिले दोन पहिल्या पर्वातले, तिसरा दुसऱ्या. त्यानंतर १९८७ चा ‘साइन ऑफ फोर’. आग्र्याचा खजिना आणि अंदमानची शिक्षा त्यात येते म्हणून आपल्याला जवळचा वाटेल, शिवाय जोनाथन स्मॉलच्या भूमिकेत जॉन थॉ आहेत. त्यांच्या लांब कबुलीजबाबात ब्रेट कसे ऐकतात तेवढंच बघा. मग ‘डेव्हिल्स फूट’. प्रत्येक भागाआधी मूळ कथा वाचून घ्या, नाहीतर त्यांनी कुठे काय राखलं आणि कुठे काय घातलं हे कळणार नाही. ‘रिबेका’ मिळाली तर शेवटी बघा, कारण तिथं होम्स नसलेले ब्रेट दिसतात आणि वाक्याचा शेवट उभा ठेवायची सवय तिथंही तशीच ऐकू येते. नटमंडळींसाठी एक व्यायाम: गुलाबाचा उतारा मराठीत स्वतः उतरवून काढा, पाठ करा, आणि मोबाइल समोर ठेवून दोनदा करा. एकदा हात खिशात ठेवून, एकदा हात मोकळे सोडून. दोन्हींत शेवटचं क्रियापद खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे.